पेनला ‘पिन’ म्हणणारी मुलगी आणि अमेरिकेचे कान

प्रश्न थोडक्यात असा. नवऱ्याच्या बदलीमुळे एक मराठी कुटुंब न्यू जर्सीहून नॉर्थ कॅरोलायनात, हिकरीजवळच्या एका लहान गावात राहायला आलं. वर्षभरात त्यांची सात वर्षांची मुलगी पेनला ‘पिन’ आणि टेनला ‘टिन’ म्हणायला लागली. ‘यॉल’ (म्हणजे ‘तुम्ही सगळे’) तर तोंडातच बसलंय. न्यू जर्सीतली मावशी व्हिडिओ कॉलवर हसली आणि म्हणाली, “गावंढळ झाली की गं ही!” आईला विचारायचं आहे की मुलीला स्पीच थेरपिस्टकडे न्यावं का. आणि दुसरं, अमेरिकेतले लोक खरोखरच नुसत्या उच्चारावरून माणसाची किंमत करतात का?

पहिल्याचं उत्तर लगेच देते. नेऊ नका. तुम्ही लिहिलंय त्यात उपचार करण्यासारखं काहीच नाही. आमच्या, म्हणजे स्पीच थेरपिस्टांच्या, व्यवसायाची जी राष्ट्रीय संघटना आहे, अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशन, तिने 1983 मध्येच लेखी भूमिका घेतली आहे की अमेरिकन इंग्रजीची कुठलीही बोली हा वाचादोष नाही. दुसऱ्याचं उत्तर मात्र ‘हो, करतात’ असं आहे, आणि ते नीट समजून घ्यायला थोडा वेळ द्यावा लागेल.

मी मुंबईत अली यावर जंग संस्थेत शिकले आणि गेली 22 वर्षं नॉर्थ कॅरोलायनात हे काम करते आहे. आधी शाळांमध्ये होते, आता हॉस्पिटलात. बोली आणि आजार यांची गल्लत केली की काय होतं ते मी एकदा फार जवळून पाहिलं. डोंगराकडच्या एका गावातले आजोबा स्ट्रोकनंतर आमच्याकडे आले होते. सत्तरी ओलांडलेली, सगळी हयात फर्निचरच्या कारखान्यात गेलेली. आमच्याकडे शिकायला आलेली उत्तरेकडची एक मुलगी चित्रांची वही घेऊन त्यांच्यासमोर बसली. टायरचं चित्र दाखवलं, आजोबा म्हणाले ‘टार’. आगीचं दाखवलं, म्हणाले ‘फार’. पेन दाखवलं, म्हणाले ‘पिन’. तिने तिन्हींपुढे फुली मारली. आजींनी मांडीवरची पर्स घट्ट धरली आणि हळूच म्हणाल्या, “पोरी, ते पन्नास वर्षं असंच म्हणतायत.”

पुढच्या पानावर कंगवा होता. आजोबा बराच वेळ चित्राकडे बघत राहिले. हात वर नेऊन केस विंचरल्याची खूण केली, ओठ हलवले, आणि शेवटी ‘ब्रश’ म्हणाले. खरा आजार तिथे होता. शब्द सापडत नव्हता. पण तीन फुल्या आधीच पडलेल्या असल्यामुळे ही चौथी त्यांच्यासारखीच वाटत होती. मी तो कागद बाजूला ठेवला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, या वेळी आजींना शेजारी घेऊन. तेव्हापासून कुठलाही पेशंट आला की माझा पहिला प्रश्न घरच्यांना असतो: हे आधी कसं बोलायचे?

तुमच्या मुलीच्या ‘पिन’कडे याच प्रश्नातून बघा. न आणि म यांच्या आधी आलेला ‘ए’ अमेरिकेच्या दक्षिणेत ‘इ’कडे सरकतो. म्हणून पेन आणि पिन, जेम आणि जिम हे शब्द कानाला सारखेच लागतात. कॅरोलायनापासून टेक्सासपर्यंत कोट्यवधी लोक असं बोलतात. 1930 च्या दशकात ओक्लाहोमाकडून पोट भरायला कॅलिफोर्नियात गेलेल्या कुटुंबांनी हा उच्चार पार बेकर्सफिल्डपर्यंत नेला. त्यात गोंधळ नाही, नियम आहे. ‘पेट’ आणि ‘पिट’ तुमची मुलगी वेगवेगळेच म्हणत असणार, कारण तिथे पुढे न-म नाही. आज संध्याकाळी म्हणायला सांगून बघा. सात वर्षांच्या पोरीने कुणीही न शिकवता एक ध्वनिनियम अपवादासकट उचलला आहे, यात काळजीपेक्षा कौतुकच जास्त आहे.

‘यॉल’बद्दल तर आपण मराठी माणसांनी हसायचं काही कारणच नाही. इंग्रजीत एकाला ‘यू’ आणि दहा जणांनाही ‘यू’. आपल्याकडे तू आणि तुम्ही आहे, म्हणून ही अडचण आपल्याला पटकन कळते. दक्षिणेने ती ‘यॉल’ म्हणून सोडवली, पिट्सबर्गने ‘यिंझ’ म्हणून, न्यूयॉर्कच्या काही वस्त्यांनी ‘यूज’ म्हणून.

आता लोक किंमत कशी करतात ते. डेनिस प्रेस्टन या भाषाशास्त्रज्ञाने 1980 च्या दशकापासून एक साधी पण फार बोलकी पद्धत वापरली. लोकांच्या हातात देशाचा कोरा नकाशा द्यायचा आणि कुठे कसं बोलतात ते काढायला सांगायचं, मग प्रत्येक राज्याला दोन गुण द्यायला लावायचे. एक शुद्धतेचा, दुसरा कानाला गोड लागण्याचा. मिशिगनच्या लोकांनी शुद्धतेत स्वतःला सगळ्यांच्या वर ठेवलं. तळाला दक्षिणेतली राज्यं आणि न्यूयॉर्क शहर. तुमच्या न्यू जर्सीच्या मावशींना हे जरूर सांगा, कारण त्या पट्ट्यात कॉफीला म्हणतात त्या ‘क्वॉफी’लाही बाकीचा देश असाच हसतो. अलाबामाच्या लोकांनी काय केलं? गोडव्यात त्यांनी स्वतःला पैकीच्या पैकी दिल्यासारखे गुण दिले, पण शुद्धतेत हात आखडता घेतला. आपलं बोलणं मायेचं आहे पण बरोबर नाही, हे त्यांनी स्वतःच मान्य करून टाकलं होतं. मला या सगळ्या संशोधनातलं सर्वांत जास्त लागलेलं वाक्य हेच आहे, आणि आपल्याकडे आनी-पानी-लोनी म्हणणाऱ्या माणसाने शहरातल्या इंटरव्ह्यूत तोंड मिटून बसण्याशी त्याचं नातं मला लगेच दिसलं.

आणि ज्या मिशिगनला आपण शुद्ध बोलतो असं वाटतं, तिथे गेल्या शतकात स्वर केवढे सरकले! डेट्रॉइट, शिकागो, क्लीव्हलंड, बफलो या मोठ्या तळ्यांकाठच्या शहरांत ‘ब्लॉक’ हा शब्द बाहेरच्या माणसाला ‘ब्लॅक’ ऐकू येतो आणि ‘कॅट’चा ‘क्यॅट’ होतो. पण त्यांना ते ऐकू येत नाही. नॅन्सी नीडझिल्स्की यांनी 1999 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मी शिकाऊ मुलांना नेहमी सांगते. डेट्रॉइटच्या लोकांना डेट्रॉइटच्याच एका बाईचा आवाज ऐकवला आणि तिचा स्वर कुठल्या नमुन्याशी जुळतो ते निवडायला सांगितलं. काहींच्या उत्तरपत्रिकेवर ‘मिशिगन’ लिहिलं होतं, काहींच्या ‘कॅनडा’. आवाज तोच. पण ज्यांच्या कागदावर कॅनडा होतं त्यांना ‘हाउस’ या शब्दात कॅनडाचा स्वर स्पष्ट ऐकू आला. बाकीच्यांना नाही. म्हणजे कान निम्मा ऐकतो आणि निम्मं आधीच ठरवलेलं असतं.

मग हे आधीच ठरवलेलं येतं कुठून? इथे ‘र’ची गोष्ट सांगायलाच हवी. फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं 1933 चं शपथविधीचं भाषण ऐका. ‘फिअर’मधला शेवटचा र ते म्हणतच नाहीत. तेव्हा बोस्टन, न्यूयॉर्क आणि दक्षिणेतल्या जमीनदार घराण्यांत र गिळणं हे खानदानी बोलण्याचं लक्षण होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर वारं फिरलं. 1962 मध्ये भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह न्यूयॉर्कच्या तीन दुकानांत गेले. सॅक्स फिफ्थ अव्हेन्यू हे श्रीमंतांचं, मेसीज मध्यमवर्गाचं, एस. क्लाइन स्वस्तातलं. चौथ्या मजल्यावर मिळणाऱ्या वस्तूबद्दल ते विक्रेत्यांना विचारायचे, म्हणजे उत्तर हमखास ‘फोर्थ फ्लोर’ यायचं. मग ऐकू न आल्यासारखं करून पुन्हा म्हणायला लावायचे. सॅक्समध्ये 62 टक्के विक्रेत्यांच्या तोंडी पूर्ण किंवा थोडा तरी र होता, मेसीजमध्ये 51 टक्के, क्लाइनमध्ये फक्त 20. जो र गिळणं एका पिढीआधी राष्ट्राध्यक्षाला शोभत होतं, तेच आता स्वस्त दुकानाची खूण झालं. ध्वनी तोच होता, बोलणाऱ्यांची पत बदलली होती. लंडनमध्ये तर र गिळणं आजही उच्चभ्रूंचं आहे. म्हणून कुणी मला ‘अमुक उच्चार मुळातच कानाला खराब लागतो’ म्हणालं की मी ते मान्य करत नाही.

दक्षिणेच्या वाट्याला जे आलं त्यामागे मोठा इतिहास आहे. यादवी युद्धातला पराभव, त्यानंतरचं दारिद्र्य, वंशभेदाचे कायदे, आणि मग टीव्हीवर दशकानुदशकं दाखवलेला बावळट, अनवाणी डोंगरी माणूस. साउथ कॅरोलायनात वाढलेले टीव्हीवरचे विनोदी कलाकार स्टीफन कोल्बेअर यांनी उघड सांगितलं आहे की टीव्हीवर दक्षिणेतली माणसं मूर्ख दाखवतात हे लहानपणी लक्षात आल्यावर त्यांनी ठरवून आपला ॲक्सेंट टाकला. टेनेसीतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने 2014 मध्ये कर्मचाऱ्यांसाठी दक्षिणी ॲक्सेंट कमी करण्याचा वर्ग जाहीर केला होता. लोक दुखावले, तक्रारी झाल्या आणि वर्ग रद्द करावा लागला. ज्यांच्यासाठी तो होता ती सगळी शिकलीसवरलेली, वैज्ञानिक संस्थेत काम करणारी माणसं होती.

तुमची मुलगी सात वर्षांची आहे म्हणून कॅथरिन किंझलर आणि जास्मिन डीजीझस यांचं 2013 चं काम तुम्हाला जास्त उपयोगी पडेल. त्यांनी इलिनॉय आणि टेनेसीतल्या मुलांना उत्तरेचे आणि दक्षिणेचे आवाज ऐकवले. पाच-सहा वर्षांच्या इलिनॉयच्या मुलांना मैत्रीसाठी उत्तरेचा आवाज हवा होता. टेनेसीच्या त्याच वयाच्या मुलांना काही फरक पडत नव्हता. नऊ-दहा वर्षांची मुलं मात्र दोन्हीकडे एकच बोलत होती: उत्तरेसारखं बोलणारा हुशार, दक्षिणेसारखं बोलणारा चांगल्या स्वभावाचा. टेनेसीतली मुलंसुद्धा! हे वाचल्यावर मला कसंसंच झालं. तुमची मुलगी आत्ता बरोबर या दोन वयांच्या मधे आहे. पुढच्या दोन-तीन वर्षांत तिच्या मनात हा शिक्का उमटणार आहे, आणि मावशीचं हसणंही त्याला हातभार लावतं. घरात तिच्या बोलण्यावर कुणी हसू नये एवढी एकच गोष्ट मी हात जोडून सांगेन.

दक्षिण म्हणजे तरी एक कुठे आहे? डोंगरात र खणखणीत म्हणतात, चार्ल्स्टनच्या जुन्या घरांत तो गळायचा. आपल्याच राज्याच्या पूर्व टोकाला, ओक्राकोक बेटावर, ‘हाय टाइड’चं ‘हॉय टॉइड’ होतं. आणि मी राहते त्या रालीच्या परिसरात तर जुना हेल विरतच चालला आहे. 1959 मध्ये रिसर्च ट्रँगल पार्क ही संशोधन कंपन्यांची वसाहत सुरू झाली, उत्तरेकडून इंजिनिअर कुटुंबं आली, मग आपण भारतीय आलो. शेजारचं कॅरी 1960 मध्ये जेमतेम साडेतीन हजारांचं गाव होतं, 2020 ला ते 1 लाख 74 हजारांवर गेलं. रॉबिन डॉड्सवर्थ यांनी रालीकरांच्या मुलाखतींवरून दाखवलं आहे की शहरात वाढलेल्या पुढच्या पिढ्यांच्या तोंडून दक्षिणी स्वर मागे हटत गेले. तुम्ही कॅरीत राहत असता तर मुलगी कदाचित कधीच ‘पिन’ म्हणाली नसती. हिकरीत ती म्हणते, कारण तिच्या वर्गातल्या मैत्रिणी म्हणतात. ती तिथली झाली आहे.

ॲक्सेंटवरची थट्टा वेगळी आणि त्यापायी घर, नोकरी, न्याय हातचा जाणं वेगळं. हा दुसरा भार अमेरिकेत सगळ्यात जास्त कृष्णवर्णीयांनी उचलला आहे. त्यांच्या इंग्रजीला स्वतःचं व्याकरण आहे, स्वतःचे ध्वनिनियम आहेत, तरी तिला चुकांचं गाठोडं समजतात. जॉन बॉ यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास घरं भाड्याने देणाऱ्यांना फोन केले. माणूस एकच, बॉ स्वतः. पण कधी कृष्णवर्णीयांच्या बोलीत, कधी मेक्सिकन वळणाच्या इंग्रजीत, कधी प्रमाण इंग्रजीत. वुडसाइडसारख्या श्रीमंत, गोऱ्या वस्तीत प्रमाण बोलीला दहापैकी सात वेळा घर बघायला या म्हणाले, बाकी दोन्हींना तीनपेक्षाही कमी वेळा. नुसत्या ‘हॅलो’वरूनही बहुतेक ऐकणाऱ्यांना बोली ओळखता आली. फिलाडेल्फियात कोर्टाच्या लघुलेखकांची चाचणी घेतली गेली, ती 2019 मध्ये छापून आली. 95 टक्के अचूकतेचं प्रमाणपत्र असलेल्या 27 लेखकांना कृष्णवर्णीय बोलीतली वाक्यं ऐकवली, तर पूर्ण बरोबर लिहिलेली वाक्यं साठ टक्क्यांच्याही आत निघाली. साक्षीदार काय म्हणाला याची नोंदच अशी होत असेल, तर त्यावर उभा राहणारा निकाल कसा असेल?

आता तुमच्याबद्दल, कारण पत्रात तुम्ही जाता जाता लिहिलंय की ऑफिसात लोक तुम्हाला पुन्हा बोलायला लावतात आणि मुलीचं तसं होऊ नये. ते दुःख मला माहीत आहे. डोनल्ड रूबिन यांनी 1992 मध्ये जॉर्जियातल्या विद्यार्थ्यांना इंग्रजी मातृभाषा असलेल्या एकाच बाईचं ध्वनिमुद्रित व्याख्यान ऐकवलं. काहींना सोबत गोऱ्या बाईचा फोटो दाखवला, काहींना आशियाई चेहऱ्याच्या बाईचा. आशियाई चेहरा बघणाऱ्यांना व्याख्यान कमी कळलं आणि नसलेला परदेशी ॲक्सेंट ऐकू आला. म्हणून सगळा दोष आपल्या जिभेचा समजू नका. कायदाही थोडा तुमच्या बाजूने आहे. 1964 च्या नागरी हक्क कायद्यात मूळ देशावरून भेदभावाला बंदी आहे आणि ॲक्सेंट त्यात येतो, कामात खरोखर अडथळा येत असेल तरच मालकाला तो विचारात घेता येतो. पण ‘अडथळा’ कशाला म्हणायचं हे कोर्ट ठरवतं. होनोलुलूत मॅन्युएल फ्रागांटे नावाचे फिलिपिनो गृहस्थ लेखी परीक्षेत 721 उमेदवारांत पहिले आले, तरी ॲक्सेंटमुळे काउंटरची नोकरी मिळाली नाही, आणि 1989 मध्ये अपील कोर्टानेही त्यांच्या विरोधातच निकाल दिला. जन्माने दक्षिणी असलेल्या अमेरिकन माणसाला तर सहसा या कायद्याचा आधारही मिळत नाही.

हौस असेल तर तुमच्या बोलण्यावर थोडं काम करता येईल. त्याला उपचार म्हणत नाहीत, आणि सगळं बदलायचंही नसतं. मराठी माणसांच्या बाबतीत माझा अनुभव असा की ट आणि ड यांच्यापेक्षा शब्दातला जोर चुकल्यानेच समोरचा जास्त अडखळतो. आपण ‘डेव्हलपमेंट’मध्ये ‘डे’वर जोर देतो, तो ‘व्हे’वर हवा. ‘वेस्ट’ आणि ‘व्हेस्ट’ आपण एकाच व ने म्हणतो, त्यातल्या पहिल्याला ओठांचा चंबू करा. ऑफिसात रोज लागणारे वीस-पंचवीस शब्द काढा, त्यांचा जोर नीट करा, बाकी हेल तुमचाच राहू द्या.

मुलीकडे परत येते. चिंता कधी करायची ते सांगते. ती वर्गातल्या इतर मुलांपेक्षा वेगळं बोलत असेल तर, तिच्या न्यू जर्सीतल्या मावसभावांपेक्षा नव्हे. या वयातही र चा व होत असेल, अनोळखी माणसाला तिचं बोलणं समजत नसेल, शब्द काढताना चेहरा ताणला जात असेल, दोन-तीन पायऱ्यांची सूचना मराठीतही पाळता येत नसेल, किंवा कान वारंवार दुखत असतील, तर शाळेला लेखी कळवा आणि तपासणी करून घ्या. तेव्हा तपासणाऱ्याला सांगा की घरात मराठी आहे आणि बाहेर इथली बोली आहे, म्हणजे ‘पिन’पुढे फुली पडणार नाही.

आणखी एक. ती बाईंना ‘येस मॅम’ म्हणत असेल तर तोडू नका. न्यू जर्सीत ते चेष्टेचं वाटू शकतं, पण इथे मूल तसं म्हणालं नाही तर घरात वळण नाही असं समजतात. कुठे काय म्हणायचं ते मुलं आपणच शिकतात. आजीशी फोनवर ती आता ज्या सुरात मराठी बोलते तो सूर ती शाळेत काढत नाही, हे तुम्ही पाहिलंच असेल.

एक खरी अडचण येईल ती स्पेलिंगमध्ये. दोन्ही शब्द सारखेच ऐकू येत असल्यामुळे ती पेन आणि टेन लिहिताना आय घालेल. वर्गातल्या निम्म्या मुलांचं तसंच होत असणार, आणि बाईंना ते माहीत असतं. उच्चार सुधारायला लावून हे सुटत नाही, कारण तिच्या कानाला फरकच नाही. जोड्या शेजारी शेजारी लिहून डोळ्यांनी ओळख पटवावी लागते. दक्षिणेतल्या जुन्या माणसांनी यावर आपली तोड काढलेली आहे. ते लिहायच्या वस्तूला ‘इंक पेन’ म्हणतात आणि टोचायच्या टाचणीला ‘स्ट्रेट पिन’, म्हणजे घोटाळाच नको. तेव्हा मुलगी गृहपाठाला बसताना तुमच्याकडे ‘इंक पिन’ मागेल, तर पेन तिच्या हातात द्या आणि त्याच पेनाने वहीच्या समासात पी-ई-एन लिहून घ्या.